त्स्वाना लोकांतील ख्रिस्ती मिशनकार्य

त्स्वाना या दक्षिण आफ्रिकेतील बांतूभाषक लोकांमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून यूरोपीय, मुख्यतः ब्रिटिश, इव्हँजेलिकल मिशनऱ्यांनी केलेले धर्मप्रसाराचे कार्य आणि त्यातून उदयास आलेली त्स्वाना ख्रिस्ती परंपरा यांचा समावेश या विषयात होतो. बायबलचे प्रामाण्य, व्यक्तीचे अंतःकरणपूर्वक परिवर्तन, शुभवर्तमानाचा प्रसार आणि नित्य प्रार्थना यांवर इव्हँजेलिकल पंथीयांचा विशेष भर असतो. त्स्वानांच्या धर्मजीवनातही याचनेला मोठे स्थान होते. परंतु ती याचना कोणी, कोणाजवळ आणि कशासाठी करावयाची, याविषयीच्या त्यांच्या कल्पना मिशनऱ्यांहून भिन्न होत्या. या दोन कल्पनांचा संघर्ष व पुढे त्यांचा झालेला संयोग हे या मिशनकार्याच्या इतिहासाचे मुख्य सूत्र होय.

लोक व पूर्वधर्म : त्स्वाना लोकांना त्यांच्या भाषेत ‘बात्स्वाना’ (एकवचन ‘मोत्स्वाना’) व त्यांच्या भाषेस ‘सेत्स्वाना’ म्हणतात. जुन्या ग्रंथांत त्यांचा उल्लेख ‘बेचुआना’ असा आढळतो. त्यांची वस्ती बोट्स्वाना आणि दक्षिण आफ्रिका प्रजासत्ताकाचा उत्तर व वायव्य भाग येथे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार दक्षिण आफ्रिकेत सेत्स्वाना मातृभाषा असलेले सु. ४० लाख लोक होते. २०२२ मध्ये बोट्स्वानाची एकूण लोकसंख्या सु. २३·५ लाख होती व तीत त्स्वाना बहुसंख्य आहेत. त्लापिंग, रोलाँग, क्वेना, न्ग्वाकेत्से, न्ग्वातो, क्गात्ला, हुरुत्शे इ. त्यांच्या प्रमुख जमाती होत. प्रत्येक जमातीस स्वतःचे देवक असते, उदा., क्वेनांचे देवक मगर आहे. गोपालन व ज्वारीची शेती हे पूर्वीचे मुख्य व्यवसाय होते. जमातीच्या प्रमुखास ‘क्गोसी’ व त्याच्या सभास्थानास ‘क्गोत्ला’ म्हणतात.

सृष्टीच्या मुळाशी असलेल्या परमशक्तीस त्स्वाना ‘मोदिमो’ म्हणत. ही शक्ती दूरची व अनाकलनीय मानली जाई. तिची मूर्ती अथवा मंदिर नसे. दैनंदिन जीवनाशी निकटचा संबंध होता तो ‘बादिमो’ म्हणजे मृत पूर्वजांचा. घरातील ज्येष्ठ पुरुष कुटुंबाच्या वतीने आणि प्रमुख जमातीच्या वतीने पूर्वजांची आळवणी करी. ‘न्गाका’ म्हणजे वैद्य हा अस्थींचे फासे टाकून आजाराचे व संकटाचे कारण सांगे. अवर्षणप्रवण प्रदेशामुळे पाऊस पाडणाऱ्या वैद्याचे महत्त्व विशेष होते. पाऊस मिळवून देणे हे प्रमुखाचे कर्तव्यच समजले जाई व त्यावर त्याची सत्ता बऱ्याच अंशी अवलंबून असे. पावसाला सेत्स्वाना भाषेत ‘पुला’ म्हणतात. हाच शब्द अभिवादन व आशीर्वाद म्हणूनही वापरतात. बोट्स्वानाचे राष्ट्रीय बोधवाक्य तोच असून १९७६ पासून तेथील चलनासही तेच नाव आहे.

मिशनचा प्रारंभ : १७९५ मध्ये स्थापन झालेल्या लंडन मिशनरी सोसायटीच्या वतीने जॉन कँबेल याने १८१३ मध्ये त्लापिंग जमातीच्या डिथाकाँग या गावास भेट दिली. प्रमुख मोथिबी याने मिशनरी पाठविण्यास संमती दिली. तथापि १८१६ मध्ये मिशनरी प्रत्यक्ष आले, तेव्हा त्यांना परत पाठविण्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या जेम्स रीड यास मात्र राहण्याची परवानगी मिळाली. बंदुका, व्यापार आणि केप वसाहतीशी संबंध या दृष्टींनी मिशनरी प्रमुखांना उपयुक्त वाटत. त्यांच्या उपदेशाविषयी प्रारंभी फारशी आस्था नव्हती.

रॉबर्ट मॉफट (१७९५–१८८३) हा स्कॉटिश मिशनरी १८२१ मध्ये पत्नी मेरी हिच्यासह त्लापिंग लोकांत आला. पुढे क्यूरुमान नदीच्या उगमाजवळ त्याने मिशनचे कायमचे ठाणे वसविले. तेथील झऱ्याचे पाणी पाटांनी आणून गहू, भाजीपाला व फळबागा यांची लागवड करण्यात आली. १८२३ मध्ये डिथाकाँगवर आलेले आक्रमण ग्रिक्वा घोडेस्वारांच्या मदतीने परतविण्यात आले. ही मदत मॉफटने मिळविली होती. त्यामुळे त्याचे वजन वाढले. परंतु पुढील कित्येक वर्षे एकही धर्मांतर झाले नाही. या काळात मिशनऱ्यांचा मुख्य आधार प्रार्थनेचाच होता. इंग्लंडमधील मंडळ्यांतही दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मिशनकार्यासाठी सामुदायिक प्रार्थना होत. क्यूरुमानला काय पाठवू, असे शेफील्ड येथील एका मैत्रिणीने विचारले असता मेरी मॉफटने प्रभुभोजनाची पात्रे मागविली. त्या वेळी प्रभुभोजनात सहभागी होऊ शकेल असा एकही त्स्वाना ख्रिस्ती नव्हता. पात्रे येऊन पोहोचली, ती १८२९ मध्ये पहिल्या काही जणांचा बाप्तिस्मा झाला त्या सुमारास. मोथिबीने उतारवयात, १८३९ मध्ये, बाप्तिस्मा घेतला. क्यूरुमानचे दगडी प्रार्थनामंदिर १८३८ मध्ये पूर्ण झाले.

भाषांतर व धर्मसंज्ञा : प्रारंभी मिशनरी डच भाषेच्या दुभाष्यांमार्फत उपदेश करीत. आपले बोलणे श्रोत्यांपर्यंत विपर्यस्त स्वरूपात पोहोचते, हे ध्यानी आल्यावर मॉफट १८२७ मध्ये काही आठवडे रोलाँग लोकांत एकटा राहिला व सेत्स्वाना शिकला. लूकच्या शुभवर्तमानाचे त्याचे भाषांतर १८३० मध्ये केपटाउन येथे छापण्यात आले. तेथेच मुद्रणकला शिकून त्याने १८३१ मध्ये क्यूरुमानला छापखाना आणला. ‘नव्या करारा’चे भाषांतर १८४० मध्ये लंडन येथे व ‘जुना करार’ १८५७ मध्ये क्यूरुमान येथे छापून पूर्ण झाला. बांतू भाषेतील हे पहिले संपूर्ण बायबल मानले जाते. ॲल्फ्रेड वूकी याने केलेली त्याची सुधारित आवृत्ती १९०८ मध्ये निघाली.

या भाषांतराने सेत्स्वाना भाषेस लिखित रूप मिळाले. त्याचबरोबर काही शब्दांचे अर्थही पालटले. ईश्वरासाठी ‘मोदिमो’ ही संज्ञा स्वीकारण्यात आली. त्स्वानांना ईश्वराची कल्पनाच नाही, असे मॉफटचे मत होते. आपल्या जुन्या शब्दाला आपण नवा अर्थ देत आहोत, अशी त्याची धारणा होती. त्याचा जावई डेव्हिड लिव्हिंग्स्टन यास हे मान्य नव्हते. ईश्वर, पाप-पुण्य व मरणोत्तर अस्तित्व यांविषयी त्स्वानांच्या कल्पना पुरेशा स्पष्ट आहेत, असे त्याने लिहिले. ‘बादिमो’ या शब्दाची योजना अधिक दूरगामी ठरली. शुभवर्तमानात ख्रिस्त ज्या भुतांना हाकलून देतो, त्यांच्यासाठी मॉफटने हाच शब्द वापरला. परिणामी ज्या पूर्वजांची त्स्वाना आळवणी करीत, तेच धर्मग्रंथात भुते ठरले. मुसा दुबे या बोट्स्वानातील बायबल-अभ्यासक विदुषीने १९९९ मध्ये या भाषांतराची कठोर चिकित्सा केली. लोकांच्या स्मृतीतील पूज्य व्यक्तींना त्यांच्याच भाषेच्या साहाय्याने शत्रू ठरविण्याचा हा प्रकार वसाहतवादाचे साधन होता, असे तिचे प्रतिपादन आहे.

प्रार्थनेसाठी ‘थापेलो’ हा शब्द रूढ झाला. याचना करणे, विनविणे या अर्थाच्या ‘रापेला’ या धातूपासून तो बनला आहे. संज्ञा परिचित असली, तरी प्रार्थनेची रीत नवी होती. गुडघे टेकून अदृश्य व्यक्तीशी बोलणारे मिशनरी पाहून लोकांना हसू आवरत नसे, असे लिव्हिंग्स्टनने नमूद केले आहे. त्याहून महत्त्वाचा फरक अधिकाराचा होता. पूर्वी याचना करण्याचा मान कुटुंबप्रमुखाचा व जमातप्रमुखाचा असे. नव्या धर्मात तो स्त्री, मूल, दास अशा प्रत्येकास मिळत होता.

पाऊस व प्रार्थना : या दोन धर्मकल्पनांचा उघड संघर्ष पावसाच्या प्रश्नावर झाला. क्यूरुमानच्या मिशनच्या आरंभीच्या काळात अवर्षण पडले असता त्लापिंगांनी हुरुत्शे जमातीतील एका प्रसिद्ध पर्जन्यवैद्यास बोलाविले. पाऊस न आल्याने मिशनच्या घंटेमुळे ढग पळून जातात, असे त्याने सांगितले. मिशनऱ्यांना देश सोडून जाण्याची धमकी देण्यात आली. पुढे लोकांचा रोष त्या वैद्याकडे वळला व त्याला ठार करण्याचे ठरले, तेव्हा मॉफटनेच रदबदली करून त्याचे प्राण वाचविले.

लिव्हिंग्स्टनचा अनुभव अधिक बोधप्रद आहे. तो १८४१ मध्ये क्यूरुमानला आला व १८४७ पासून क्वेना जमातीत कोलोबेंग येथे राहिला. क्वेनांचा प्रमुख सेचेले (सु. १८१२–९२) हा स्वतः नामांकित पर्जन्यवैद्य होता. त्याने अक्षरे दोन दिवसांत आत्मसात केली व बायबलचे, विशेषतः यशयाच्या ग्रंथाचे, वाचन आवडीने चालविले. आपल्या लोकांना केवळ बोलून पटणार नाही, तेव्हा चाबकाच्या बळावर सर्वांना ख्रिस्ती करू, असे त्याने सुचविले होते. लिव्हिंग्स्टनने अर्थातच ते नाकारले. १ ऑक्टोबर १८४८ रोजी सेचेलेचा बाप्तिस्मा झाला. त्यापूर्वी त्याला पाच पत्नींपैकी चौघींचा त्याग करावा लागला. त्यांच्यात आपल्याला काही दोष दिसत नाही, असा निरोप देऊन त्याने त्यांना नवी वस्त्रे देऊन माहेरी पाठविले. या स्त्रियांची माहेरची घराणी सेचेलेच्या सत्तेचा आधार होती. शिवाय त्यांतील काही मिशनच्या शाळेतील उत्तम विद्यार्थिनी होत्या. त्यामुळे जमातीत असंतोष पसरला. त्याच सुमारास सतत अवर्षण पडले आणि सेचेलेने पाऊस पाडणे सोडल्याचा हा परिणाम होय, असे लोक मानू लागले. त्याला निदान थोडा पाऊस पाडू द्यावा, मग आपण सर्व जण उपदेश ऐकू व प्रार्थनाही करू, अशी विनंती त्यांनी लिव्हिंग्स्टनला केली.

लिव्हिंग्स्टनने १८५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासग्रंथात एका पर्जन्यवैद्याशी झालेला आपला वाद दिला आहे. त्यात वैद्याचा युक्तिवाद असा, की पाऊस आपण निर्माण करीत नाही. तो ईश्वराच्या हाती आहे, आपण औषधींच्या द्वारा त्याची विनवणी करतो. तुम्ही रोग्याला औषध देता व तो बरा होवो अशी प्रार्थनाही करता. मग आमच्या औषधीलाच दोष का? लिव्हिंग्स्टनने हा युक्तिवाद प्रांजळपणे नोंदविला आहे व अशा वैद्यांना त्यांच्या चुकीची जाणीव करून देण्यात आपल्याला यश आले नाही, हेही मान्य केले आहे.

१८४९ मध्ये सेचेलेचा एका त्यक्त पत्नीशी पुन्हा संबंध आल्याचे उघडकीस आल्यावर लिव्हिंग्स्टनने त्याला प्रभुभोजनातून वगळले. आपले क्वेनांमधील कार्य विफल झाले, असे मानून लिव्हिंग्स्टन प्रवासाकडे वळला. सेचेले मात्र ख्रिस्ती धर्मापासून दूर गेला नाही. त्याने स्वतः रविवारची उपासना चालविली, लोकांना वाचावयास शिकविले आणि शेजारच्या जमातींत शुभवर्तमान पोहोचविले. दुसरीकडे पर्जन्यविधीही केले. लिव्हिंग्स्टनने बाप्तिस्मा दिलेला हा सामान्यतः एकमेव आफ्रिकी समजला जातो. प्रत्यक्ष परिणामाच्या दृष्टीने शिष्याचे धर्मकार्य गुरूपेक्षा मोठे होते, असे काही इतिहासकारांचे मत आहे.

लिव्हिंग्स्टनच्या उत्तरायुष्याचा संबंध महाराष्ट्राशीही येतो. १८६४ व १८६५ मध्ये तो मुंबईत आला होता. गुलामांच्या जहाजांतून मुक्त केलेल्या आफ्रिकी मुलांसाठी चर्च मिशनरी सोसायटीने नासिकजवळ शरणपूर येथे आश्रम व शाळा चालविली होती. तेथील काही तरुण त्याच्या अखेरच्या सफरीत सामील झाले. त्यांपैकी १८७२ मध्ये त्याच्याकडे पोहोचलेला जेकब वेनराइट हा याओ या बांतू लोकांतील होता. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टनचे निधन झाले, तेव्हा त्याच्या हृदयाच्या दफनप्रसंगीची प्रार्थना वेनराइटने म्हटली. १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबे येथील अंत्यविधीच्या वेळी शवपेटिकेच्या मानकऱ्यांत तोही होता.

प्रमुखांच्या आश्रयाखालील मंडळ्या : १८५७ च्या सुमारास जर्मनीतील हेर्मान्सबुर्ग येथील ल्यूथरन मिशनरी त्स्वाना प्रदेशात आले. वेस्लियन पंथीयांचे कार्य रोलाँगांत, तर डच रिफॉर्म्ड पंथीयांचे क्गात्लांत चालले. एका जमातीच्या प्रदेशात एकच पंथ असावा, असा प्रमुखांचा आग्रह असे. त्यामुळे मंडळीला जमातीच्या राजधर्माचे स्वरूप आले.

याचे ठळक उदाहरण न्ग्वातोंचा प्रमुख तिसरा खामा (सु. १८३७–१९२३) याचे होय. १८६० मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. १८७५ पासून त्याने दीर्घकाळ राज्य केले. ‘बोग्वेरा’ हा मुलांचा दीक्षाविधी व ‘बोगादी’ ही वधूमूल्याची चाल त्याने बंद केली आणि मद्यावर कडक बंदी घातली. पर्जन्यविधींच्या जागी त्याने क्गोत्लामध्ये पावसासाठी सार्वजनिक ख्रिस्ती प्रार्थना सुरू केली. नांगरणीच्या हंगामाचा प्रारंभही प्रार्थनेने होऊ लागला. विधी पालटला, तरी पाऊस मागण्याचे प्रमुखाचे कर्तव्य व त्यातून मिळणारा अधिकार कायम राहिला. मिशनऱ्यांनाही त्याच्या अधिकाराची मर्यादा पाळावी लागे.

१८८५ मध्ये ब्रिटनने बेचुआनालँड हा संरक्षित प्रदेश म्हणून जाहीर केला. तो सेसिल ऱ्होड्सच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीकडे सोपविण्याचा बेत होता. त्याविरुद्ध १८९५ मध्ये खामा, न्ग्वाकेत्सेंचा पहिला बाथोएन व सेचेलेचा मुलगा पहिला सेबेले हे तिघे मिशनरी विलोबी याच्यासह इंग्लंडला गेले. त्यांनी तेथील गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांपुढे आपली बाजू मांडली आणि वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन व राणी व्हिक्टोरिया यांची भेट घेतली. रेल्वेसाठी जमिनीचा पट्टा द्यावा लागला. परंतु जेमसनच्या फसलेल्या हल्ल्यानंतर (१८९५-९६) हस्तांतराचा बेत बारगळला. ज्या मंडळ्यांनी त्स्वानांसाठी प्रार्थना केल्या होत्या, त्यांच्याच जनमताचा उपयोग त्स्वानांनी आपली भूमी राखण्यासाठी केला.

स्थानिक प्रचारक, स्त्रिया व स्वतंत्र मंडळ्या : यूरोपीय मिशनऱ्यांची संख्या नेहमीच अल्प होती. गावोगावी प्रार्थना चालविणे, वाचन शिकविणे व धर्मोपदेश ही कामे मुख्यतः त्स्वाना प्रचारकांनी केली. १८४४ मध्ये माबोत्सा येथे सिंहाच्या तावडीतून लिव्हिंग्स्टनला वाचविणारा मेबाल्वे हा असाच एक प्रचारक होता. ख्रिस्ती धर्मास लोक ‘थुतो’ म्हणजे शिकवण म्हणत; वाचता येणे व ख्रिस्ती असणे या गोष्टी जवळजवळ एकरूप झाल्या होत्या. किंबर्लीच्या हिऱ्यांच्या व पुढे विटवॉटर्झरँडच्या सोन्याच्या खाणींत पुरुष मोठ्या संख्येने जाऊ लागल्यावर मंडळ्यांचा भार स्त्रियांवर आला. परंपरागत विधींत गौण स्थान असलेल्या स्त्रियांना प्रार्थनासभांत जाहीरपणे बोलण्याची संधी मिळाली.

प्रचारकांना पूर्ण दीक्षा देऊन पाळक करण्यास मिशनरी दीर्घकाळ नाखूष होते. या कारणावरून विसाव्या शतकाच्या प्रारंभी न्ग्वाकेत्से जमातीतील मोथोवागाए मोत्लोगेल्वा या प्रचारकाने वेगळी मंडळी स्थापन केली. पुढे रोगनिवारक प्रार्थनेवर भर देणाऱ्या अनेक आफ्रिकी स्वतंत्र मंडळ्या पसरल्या. त्यांत रोग्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, पवित्र जल देतात आणि काही ठिकाणी वैद्याच्या फाशांप्रमाणे बायबल उघडून संकटाचे कारण शोधतात. मिशनऱ्यांनी त्याज्य ठरविलेल्या न्गाकाचे कार्य अशा रीतीने नव्या रूपात पुढे चालू राहिले.

शिक्षण व वाङ्‌मय : क्यूरुमानच्या छापखान्यातून पाठ्यपुस्तके, स्तोत्रे व नियतकालिके निघाली. ‘माहोको आ बेच्वाना’ (१८८३–९६) या मासिकात वाचकांनी धर्म, रूढी व लेखनपद्धती यांवर पत्रांद्वारे वाद घातले. १९०४ मध्ये विलोबीने स्थापन केलेल्या टायगर क्लूफ या शिक्षणसंस्थेत बोट्स्वानाचे पहिले दोन राष्ट्राध्यक्ष, सेरेत्से खामा व क्वेट मासिरे, यांनी शिक्षण घेतले. दक्षिण आफ्रिकेच्या १९५३ च्या बांतू शिक्षण अधिनियमामुळे ही संस्था बंद पडली. १९९५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. ल्यूथरन मिशनच्या शाळेत शिकलेला सॉल प्लात्ये (१८७६–१९३२) हा रोलाँग लेखक व राजकीय नेता होता. त्याने त्स्वाना म्हणींचा संग्रह केला व शेक्सपिअरच्या नाटकांची सेत्स्वाना भाषांतरे केली. निरनिराळ्या मिशनांनी एकाच भाषेच्या वेगवेगळ्या लेखनपद्धती रूढ केल्या, याबद्दल त्याने त्यांच्यावर टीका केली.

मूल्यमापन : लंडन मिशनरी सोसायटीच्या येथील मंडळ्या १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या संयुक्त काँग्रिगेशनल चर्चमध्ये समाविष्ट झाल्या. २०११ च्या जनगणनेत बोट्स्वानातील सु. ७९ टक्के लोकांनी आपला धर्म ख्रिस्ती असा नोंदविला, तर सु. ४ टक्के लोकांनी ‘बादिमो’ असा. मिशनकार्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. जॉन व जीन कोमारॉफ यांच्या मते मिशनऱ्यांनी त्स्वानांच्या धर्माबरोबरच त्यांची शेती, घरे, वेश व कालगणना यांत बदल घडवून वसाहतवादास अनुकूल मनोभूमी तयार केली. गॅब्रिएल सेतिलोआने या आफ्रिकी धर्मशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये असे प्रतिपादन केले, की मोदिमोची मूळ कल्पना मिशनऱ्यांच्या ईश्वरकल्पनेहून अधिक व्यापक व गूढ होती. तिला व्यक्तिरूप देऊन मिशनऱ्यांनी संकुचित केले. अन्य अभ्यासक त्स्वाना प्रमुख, प्रचारक व स्त्रिया यांच्या कर्तृत्वावर भर देतात. या मतांत परस्परविरोध दिसत असला, तरी सेचेले व खामा यांच्या चरित्रांत त्या सर्वांनाच आधार सापडतो. बहुपत्नीकत्व, दीक्षाविधी व पूर्वजपूजा यांच्या त्यागाची किंमत अनेक कुटुंबांना सोसावी लागली आणि त्यक्त पत्नींसारख्या काहींची नावेही मिशनच्या इतिहासात फारशी आढळत नाहीत. त्याचबरोबर परक्यांनी आणलेल्या प्रार्थनेस त्स्वानांनी आपल्या भाषेत, आपल्या क्गोत्लात स्थान दिले आणि तिच्याद्वारे ते पूर्वीप्रमाणेच पाऊस, आरोग्य व भूमी यांसाठी याचना करू लागले.